सोळा किलोचा क्लच

काटेसाहेबांच्या बायकोनं गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारपर्यंत बघा काहीतरी. क्लच दाबवत नाही मला आता. गुडघ्यातून कळ निघते ती थेट डोक्यात जाते."

आता दुसरा कुणी नवरा असता तर त्यानं गुडघा बघितला असता. काटेसाहेबांनी क्लच बघितला. सगळ्या रामायणाचं मूळ हे एवढंच आहे, आणि ज्याला इथंच उठायचं असेल त्यानं खुशाल उठावं.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, शिक्के मारायचे आणि खोटं वजन सापडलं की खटले भरायचे, यात त्यांचा जन्म गेला. खोटं माप हे त्यांच्या लेखी खुनाच्या खालोखाल. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी दूधवाला त्यांना दारात पाहिलं की माप काठोकाठ भरून वर चार थेंब जास्त घालायचा. साहेबांना ते चार थेंबही खपत नसत. जास्त म्हणजेसुद्धा चूकच, असं ते त्याला ऐकवायचे.

गाडी चालवायची मात्र बायको. साहेब ऐन उमेदीत तीनदा लायसन्सच्या परीक्षेला बसले आणि तिन्ही वेळा नापास झाले. चौथ्यांदा ते गेलेच नाहीत, कारण परीक्षकाचं मोजमाप सदोष आहे असं त्यांचं ठाम मत झालं होतं. बायको पहिल्या फटक्यात पास झाली. यावर घरात कधीही चर्चा होत नसे. साहेब शेजारच्या सीटवर बसून "बेचाळीस... अठ्ठेचाळीस..." असा वेग मोठ्यानं वाचत आणि आपणच गाडी चालवतोय असं स्वतःला वाटू देत.

आणि गुरुवार कशासाठी, तर ताईसाठी. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे तळमजल्यावरच्या खोलीत ती खिडकीशी बसून असायची. दर गुरुवारी बायको गाडी घेऊन जायची, ताईची सून ताईला उचलून मागच्या सीटवर बसवायची, आणि मग तासभर नुसतं फिरायचं. कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही. ताई डाव्या हातानं पुढच्या सीटच्या पाठीवर दोनदा टकटक करायची, म्हणजे 'चल'. सिग्नलला गाडी थांबली तरी टकटक. त्या एका तासासाठी ती सकाळी सातपासून चपला घालून बसायची, असं सून सांगायची. एकदा टॅक्सी करून पाहिली होती. परका माणूस पुढं बसलेला पाहून ताईनं असा काही आवाज काढला की टॅक्सीवाल्यानंच हात जोडून दोघी बहिणींना रस्त्यात उतरवलं.

तेव्हा गुरुवार चुकून चालणार नव्हता. हे साहेबांना पक्कं कळत होतं. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर इतकं नुकसान करूच शकला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाथरूममधला वजनकाटा खाली पार्किंगमध्ये नेला. तो पेडलवर आडवा टेकवला आणि बायकोला म्हणाले, "दाब. मी काटा वाचतो."

"मी?"

"मग? मी दाबला तर वाचणार कोण?"

प्रश्न बिनतोड होता. बायकोनं दाबला. एका मोजमापावर विसंबायचं नाही हा खात्याचा नियम, म्हणून अकरा वेळा दाबला. सरासरी निघाली सोळा किलो. साहेबांनी ती वहीत लिहिली, खाली तारीख घातली आणि सही केली. बायको गुडघा चोळत जिना चढली.

वजन कळल्याबरोबर सल्लागार जमले. आपल्याकडे आजाऱ्याला औषध मिळायला वेळ लागतो, सल्ला लगेच मिळतो. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, गाडी विका. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, विका पण आधी पार्किंगची जागा कुणाला देणार ते लेखी कळवा. आणि वरच्या मजल्यावरचे पंपवाले खुर्ची घेऊनच खाली उतरले. हे गृहस्थ जन्मभर पाण्याचे पंप विकत होते, त्यामुळे नळीतून जे काही वाहतं त्यावर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटायचं.

"सोपं आहे, काटेसाहेब," पंपवाले खुर्चीत बसून म्हणाले. "पेडलला वर एक सिलिंडर असतो. तुम्ही पेडल दाबलंत की त्यातलं तेल नळीतून खालच्या सिलिंडरला जातं आणि तो क्लच ढकलतो. वरचा सिलिंडर बारीक टाका. बारीक पिचकारीला जोर कमी लागतो की नाही?"

साहेबांनी कागद काढला, गणित मांडलं. बरोबर होतं! सोळाचे साडेअकरा होत होते. गणित बरोबर आलं की साहेबांना जो आनंद व्हायचा तो त्यांना लग्नातसुद्धा झाला नव्हता.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं कागद पाहिला आणि परत केला. "साहेब, क्लचप्लेट जुनी झाली की पेडल जड होतंच. प्लेट बदलतो, दोन दिवसांचं काम. सिलिंडरला कशाला हात लावता? बारीक टाकला तर पेडल हलकं होईल, पण पार जमिनीला टेकेपर्यंत दाबावं लागेल. आणि क्लच कुठं धरतोय ते पायाला कळणार नाही."

किती शहाणा माणूस! पण त्याच्या हातात कागद नव्हता, साहेबांच्या हातात होता. शिवाय गॅरेजवाला म्हणजे दुकानदार, आणि दुकानदार म्हणजे आरोपी, हे समीकरण एकतीस वर्षांत हाडीमाशी खिळलेलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो म्हणाला, "तुमची गाडी, तुमची मर्जी," आणि सोमवारी येऊन पार्किंगमध्येच त्यानं बारीक सिलिंडर बसवून दिला. आता फक्त नवं तेल भरून नळीतली हवा काढायची, की काम फत्ते.

इथं साहेबांनी जे केलं ते या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यांनी गॅरेजवाल्यानं आणलेली तेलाची सीलबंद बाटली उचलली, घरातून आपला काचेचा मापनळा आणला आणि तेल मोजलं. बाटलीवर पाचशे लिहिलेलं होतं. भरलं चारशे ब्याण्णव.

"आठ मिलिलिटर कमी," साहेब म्हणाले. आवाज जुना होता, खात्यातला.

"साहेब, सीलबंद माल आहे. मी काय पिऊन टाकलं का आठ मिलिलिटर?"

"मी तसं म्हटलं नाही. मी फक्त नोंद करतोय."

गॅरेजवाल्यानं पान्हे गोळा केले. एकेक पुसला, पिशवीत ठेवला. "वीस वर्षं धंदा करतोय या नाक्यावर. कुणी माझं तेल मोजलं नाही," तो म्हणाला. "उरलेलं तुम्हीच करा. तुमचं माप खरं आहे ना." आणि गेला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

सोमवारची दुपार होती. गाडी जॅकवर, पेडल मेल्यासारखं जमिनीला टेकलेलं, आणि गुरुवारला तीन दिवस.

"घाबरू नका," पंपवाले खुर्चीतून म्हणाले. "हवा काढायला दोनच माणसं लागतात. एकानं वर पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली स्क्रू उघडून बुडबुडे बाहेर सोडायचे."

"मग तुम्ही दाबा."

"मी दाबलं असतं हो, पण डॉक्टरांनी मला पायावर जोर द्यायचा नाही म्हणून सांगितलंय," पंपवाले म्हणाले.

साहेब गाडीखाली शिरले. बुडबुडे त्यांच्याशिवाय कुणाला नीट मोजता आले असते? राहिली बायको. ती आली, सीट पुढं ओढली, बसली. पंपवाल्यांनी क्रम सांगितला, तो असा: आधी पेडल दाबायचं, मग स्क्रू उघडायचा, मग पेडल सोडायचं, आणि मग स्क्रू बंद करायचा.

"दाब," खालून आवाज. वरून कण्हल्यासारखा श्वास. "धर." नळीतून फुस्स. "सोड." आणि वहीत एक रेघ.

सोमवारी एकशे तीस रेघा झाल्या. मंगळवारी एकशे ऐंशी. बुडबुडे संपेनात. पेडल अजून जमिनीवरच. दरम्यान मापनळा कलंडून तेल पुढच्या मडगार्डवर सांडलं. ते तेल रंगाला घातक असतं, हे बाटलीवरच लिहिलं होतं, पण साहेबांनी बाटलीवरचं फक्त पाचशे तेवढं वाचलं होतं. संध्याकाळपर्यंत रंगाला भाजल्यासारखे फोड आले. सेक्रेटरींनी 'पार्किंगमध्ये खासगी प्रयोग करू नयेत' अशी चिठ्ठी वायपरखाली खोचली. साहेबांनी चिठ्ठीवर 'पोहोचली' असं लिहून सही केली.

"थकलीस का गं?" मंगळवारी एकदा त्यांनी गाडीखालून विचारलं.

"तुमचं होऊ दे," बायको म्हणाली.

साहेबांनी हे उत्तर 'नाही' असं धरलं.

बुधवारी सकाळी बायको सीटवर बसली, पण पेडलवर पाय ठेवण्याआधी म्हणाली, "अहो, मी पाय सोडायच्या आधीच तुम्ही स्क्रू बंद करायला हवा ना? उघडा ठेवलात तर बाहेरची हवा परत आत येणार. पिचकारीचंच आहे ते."

साहेबांनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. पंपवालेही खुर्चीत पुढं सरकले.

"हे तुला कधी सुचलं?" साहेबांनी विचारलं.

"सोमवारीच. पण म्हटलं, तुम्ही दोघं जाणते."

म्हणजे तीनशे दहा वेळा त्या बाईनं गुडघा दुमडून हवा बाहेर ढकलली होती आणि तीनशे दहा वेळा या दोघा जाणत्यांनी ती परत आत घेतली होती. पंपवाल्यांना अचानक घरी कसलं तरी काम आठवलं. बायकोच्या क्रमानं हवा एकशे दोन दाबांत निघाली. पेडल वर आलं. साहेबांनी वजनकाटा आणून टेकवला. साडेअकरा! गणिताच्या गालावरचा तीळसुद्धा जागेवर होता. त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

बायकोनं गाडी पार्किंगमध्ये पुढंमागं घेतली. दोनदा बंद पडली, एकदा गिअर करकरला. "हलकं झालंय हो," ती म्हणाली. "पण पाय पार तळाला न्यावा लागतोय, आणि जरा उचलला की धरतोय. पूर्वी पायाला कळायचं कुठं धरतोय ते. आता काहीच कळत नाही." ती दार धरून उतरली आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. साहेब मात्र वहीत साडेअकराखाली दुहेरी रेघ मारत होते.

तरीही गुरुवार साधला असता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गुरुवारी सकाळी दहाला साहेब इस्त्रीचा शर्ट घालून वाहन कार्यालयात हजर झाले. गाडीत बदल केला तर नोंद केली पाहिजे!

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला. "रंग बदलला?"

"नाही. म्हणजे मडगार्डवर थोडा गेला, पण तो विषय वेगळा."

"इंजिन बदललं? इंधन?"

"नाही."

"मग बदल झालेला नाही. तीनच रकाने आहेत."

"अहो पण झालाय. क्लचच्या वरच्या सिलिंडरचा व्यास कमी केलाय. पेडल साडेचार किलोनं हलकं झालंय."

"कुणी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग काका, घरी जा ना," कारकून अगदी मायेनं म्हणाला.

काका! एकतीस वर्षं ज्यानं लोकांना 'नियम वाचून या' म्हणून परत पाठवलं त्याला एक पोरगा काका म्हणून परत पाठवत होता. साहेब ताठ झाले. "मी लेखी देतोय. तुम्ही लेखी घ्या." कारकुनानं सुस्कारा टाकला, आत जाऊन वरिष्ठांना विचारून आला आणि अर्जावर लाल शाईनं लिहिलं: अर्जदाराच्या कथनानुसार वाहनात बदल, तपासणी होईपर्यंत वाहन रस्त्यावर आणू नये. तपासणीची तारीख तीनएक आठवड्यांनंतरची होती.

घरी बायको पर्स घेऊन तयार बसली होती. तिनं कागद वाचला. घडी घातली, परत उघडून वाचला. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो?" ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग ती उठली आणि बसनं गेली.

ताईला काय सांगणार? बायको तिच्याजवळ तासभर बसली आणि निघाली. ताईनं खिडकीच्या चौकटीवर दोनदा टकटक केलं, म्हणे. पुढच्या गुरुवारीही बस. त्या दिवशी बायको परतली ती गुडघा पपईएवढा सुजवून. तिसऱ्या गुरुवारी तिचा पाय बसच्या पायरीवर चढेना. कंडक्टर चांगला होता, थांबला. पण पाय चढेना. ती स्टॉपवरून घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "हा आधीचा झिजलेला आहेच. पण हल्ली काय केलंत? जिने? एकदम खूप ताण पडलाय याच्यावर."

"काही नाही," बायको म्हणाली.

पण साहेबांना अपुरी माहिती खपत नसे. आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत त्यांना उमगलेलं नव्हतं. वही त्यांच्या खिशातच होती, गाडीच्या कागदांबरोबर. ती त्यांनी डॉक्टरांपुढं उघडली. डॉक्टरांनी रेघा पाहिल्या, पान उलटलं, परत रेघा. "या काय आहेत?"

"दाब," साहेब म्हणाले. "एकूण चारशे बारा. तीन दिवसांत." आणि म्हणता म्हणताच त्यांची नजर बायकोच्या गुडघ्यावर गेली.

डॉक्टरांनी वही मिटून परत दिली. साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली चूक पकडली होती, आणि पेडल मोजताना त्याच्या वर ठेवलेला पाय त्यांनी मोजलाच नव्हता. "गाडी बंद," डॉक्टर बायकोला म्हणाले. "सहा महिने तरी. नंतरचं नंतर बघू."

जिन्यात साहेब म्हणाले, "तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती उत्साहात होता," बायको म्हणाली. "माझ्यासाठीच चाललं होतं ना सगळं." साहेबांनी तिचा हात धरला आणि एकेक पायरी उतरवली.

तपासणी मंगळवारी होती. गाडी नेणार कोण? बायकोनं गॅरेजवाल्याला फोन केला. काय बोलली देव जाणे, पण तो आला. साहेब त्याला म्हणाले, "ते आठ मिलिलिटर... मापनळ्यालाही थोडं चिकटून राहतं म्हणा." उभ्या जन्मात त्यांनी मागितलेली ही पहिली माफी. गॅरेजवाल्यानं ती ओळखली आणि मान हलवली. वाहन कार्यालयाच्या निरीक्षकानं पेडल एकदा दाबलं, "काय मऊ आहे!" म्हणाला, आणि दाखल्यावर लिहिलं: बदल आढळला नाही.

गुरुवारी गॅरेजवाल्यानंच त्या दोघांना ताईच्या घरी नेलं. गाडी अंगणात उभी राहिली. ताई खिडकीत होती, पायात चपला होत्या. सुनेनं तिला उचलून मागच्या सीटवर बसवलं. बायको काठी टेकत पुढं, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसली. गॅरेजवाला स्टिअरिंगवर बसला मात्र, ताईच्या तोंडून तोच आवाज निघाला. तिनं दाराची कडी घट्ट धरली, डोळे फिरवले. बायको मागं वळून "अगं, आपलाच आहे गं तो," म्हणत राहिली. पण छे. गॅरेजवाला चटकन उतरला, दूर जाऊन कुंपणाच्या भिंतीवर बसला आणि बोटं मोडायला लागला.

आवाज थांबला. मग मागून टकटक झालं. दोनदा.

गाडी उभीच होती. चालवणाऱ्याची जागा रिकामी होती. बायको समोर बघत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

पुन्हा टकटक.

साहेब अंगणात उभे होते. खासगी आवारात लायसन्स लागतं का? त्यांना नियम आठवेना. आयुष्यात पहिल्यांदाच आठवेना, आणि त्यांनी आठवायचा प्रयत्नही केला नाही. ते वळसा घालून गेले, दार उघडलं आणि स्टिअरिंगवर बसले. ताई गप्प होती. ओळखीची मान होती ना, कितीतरी गुरुवार पुढच्या सीटवर बघितलेली.

किल्ली फिरवली. त्यांनी क्लचवर पाय ठेवला, आणि पेडल लोण्यासारखं खाली गेलं, पार तळापर्यंत. काही कळत नव्हतं. कुठं धरतंय, कुठं सोडतंय, काही नाही. पाय उचलला, तशी गाडीनं एक गचका खाल्ला, अकराएक फूट पुढं गेली आणि बंद पडली. अकराच असतील, त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

मागून टकटक झालं.

साहेबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "मला नाही जमत गं हे," ते म्हणाले. "मला कधीच जमलं नाही."

बायकोनं डोळे पुसले. काठी बाजूला ठेवली आणि त्यांच्या पायाकडं बघितलं.

"दाबा," ती म्हणाली.

त्यांनी दाबला.

"धरा... आता किल्ली. पहिला टाका... आणि हळू सोडा. हळू. घाई नाही आपल्याला."